घंटी कोणी वाजवली

वहिनी,

तुम्ही फार सोशिक होतात म्हणे. गेले सोळा दिवस येणारं प्रत्येक माणूस ओसरीवर टेकतं, पाण्याचा पेला हातात घेतं आणि हेच सांगतं. कधी उलटून बोलली नाही, कधी कुणाशी वाद घातला नाही, गरीब गाय होती. मी मान हलवते. त्यांना काय सांगणार? की ही गरीब गाय एका जपानी कार्टूनवरून माझ्याशी अकरा महिने भांडत होती आणि ते भांडण अर्धंच टाकून गेली?

कार्टून म्हटलेलं तुम्हाला शेवटी शेवटी चालत नसे. "ॲनिमे म्हना, संध्याताई. ऋतुजाला राग येतो," म्हणायचात. राग ऋतुजाला नाही, तुम्हालाच यायचा.

मागच्या मे महिन्यातली दुपार होती. ऋतुजाची नववीची परीक्षा झाली होती आणि ती दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असायची. तुम्ही दोनदा ओरडलात. मग ती माझ्याकडे आली, "आत्या, तू ड्रॉइंगची टीचर आहेस ना, यातली चित्रं तरी बघ" म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात देऊन मैत्रिणीकडे पळाली. दादा कोर्टात कामावर गेलेला. कूलरसमोर चटई टाकून मी बघायला बसले, आणि तुम्ही मशीनवरचं ब्लाऊज तसंच सोडून, "काय बघते ही पोरगी, मला बी बघू द्या" म्हणत शेजारी येऊन बसलात.

सत्तावीस मिनिटांचा सिनेमा. नाव जपानीत होतं, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. आपण त्याला 'छत्रीवाली' म्हणायला लागलो. एक चढणीवरचं गाव, तिथं कित्येक वर्षांत पाऊस नाही. झाडांच्या पानांवर धूळ, पत्र्यांवर धूळ. त्या गावात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईचं दुकान. गिऱ्हाईक येत नाही, तरी ती रोज दुकान उघडते, जुन्या छत्र्यांच्या काड्यांना तेल लावते, संध्याकाळी बंद करते. एक दिवस दारावरची घंटी वाजते. सात-आठ वर्षांची मुलगी आत येते, तिच्या हातात निळी छत्री, एक काडी मोडलेली. आणि छत्रीतून पाणी गळतंय. मुलगी ती टेबलावर ठेवते, "उद्या येते" म्हणते आणि जाते. बाई धावत बाहेर येते तर रस्ता कोरडा ठणठणीत, आणि मुलगी कुठंच नाही.

मग बाई छत्री दुरुस्त करते. मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. एका दुपारी बाई ती छत्री दुकानातच उघडते आणि खाली बसते, तर वरून पावसाचा आवाज. फक्त आवाज. ती बराच वेळ तशीच बसून राहते. मग छत्री मिटून खुंटीला अडकवते आणि आतल्या खोलीत चहा टाकायला जाते. दुकान रिकामं. खुंटीवरच्या छत्रीतून फरशीवर थेंब पडतात. आणि घंटी वाजते. पडदा काळा.

तुम्ही मोबाईल उचलून हलवलात.

"बंद पडला का?"

"नाही वहिनी. संपलं."

"पुढचा भाग लावा मंग."

"पुढचा भाग नाही. एवढंच आहे."

"असं कसं संपलं? घंटी कोनं वाजवली?"

"ते सांगितलेलं नाही."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जणू ते मीच लपवून ठेवलंय. उठून मशीनवर गेलात. दहा मिनिटं मशीनचा आवाज आला. मग थांबला.

"लावा बरं परत."

त्या दिवशी आपण तो तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी तुम्ही मला दंडाला धरून थांबवलंत. बाई छत्रीचं कापड काडीच्या टोकाला शिवत असते तिथं. मी चित्रकलेची बाई, मी रंग बघत होते, उन्हाचा तिरपा पट्टा कसा काढलाय ते बघत होते. तुम्ही म्हणालात, "सुई केसातून फिरवली बघा तिनं."

मला दिसलंच नव्हतं. जाड कापडात सुई जाताना अडते म्हणून शिवणारी बाई सुई डोक्याच्या केसांतून फिरवते, तेल लागतं, सुई सरकते. तुम्ही दिवसातून वीस वेळा करायचात ते. चित्रात ते अर्ध्या सेकंदाचं होतं.

"ज्यानं हे काढलं ना, त्याच्या घरात शिवनारी बाई हाय," तुम्ही म्हणालात. "त्याची आई शिवत आसंल. बिलकुल."

मी बी.ए. केलं, चित्रकलेचा डिप्लोमा केला, पण चित्र बघायला मला त्या दुपारी तुम्ही शिकवलंत. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. उलट लगेच शहाणपणा केला. म्हणाले, वहिनी, सरळ आहे, ती मुलगी म्हणजे त्या बाईची मेलेली लेक. आतल्या खोलीत कोपऱ्यात लहान चपला दिसतात, पाहिल्या ना?

"चपला तिच्या सोताच्या लहानपनीच्या बी असतील."

"पण मग ती छत्री ओली कशी?"

"कुठंतरी पाऊस पडून राह्यलाय म्हनून. ह्यांच्या गावात न्हाई, येवढंच. तुम्ही मास्तरीन लोक, कोनी मेल्याशिवाय तुम्हाला गोष्टच समजत न्हाई."

मला त्या वेळी हसू आलं होतं.

पुढचे तीन महिने आपण भांडलो. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. दादा जेवायला बसला की आपण गप्प व्हायचो, कारण तो वैतागायचा. तालुक्याच्या कोर्टात बेलीफ माणूस, दिवसभर गावोगाव लोकांच्या दारात समन्स घेऊन उन्हातान्हात फिरलेला. तो म्हणायचा, "दोघी शाण्या बाया, आन् चित्रातल्या बाईसाठी डोकं फोडून घेऊन राह्यल्या." तुम्ही पदरात हसायचात. मी परभणीहून नवऱ्याचं घर सोडून या घरात आले त्याला सात वर्षं झाली. त्या सात वर्षांत मला एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं. आल्या दिवशी तुम्ही मधल्या खोलीतलं तुमचं मशीन उचलून ओसरीवर नेलंत आणि माझी पेटी तिथं ठेवलीत. एक शब्द बोलला नाहीत. ओसरीवर ऊन यायचं, पावसाळ्यात झड यायची, तरी मशीन परत आत आलं नाही. मला रोज वाटायचं की विचारावं, वहिनी, तुम्हाला राग आला होता का? खरं सांगा. विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी कुठं जाणार होते?

ऑगस्टमध्ये तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्ही ओवा खाल्लात, मग हिंग लावून पाहिलंत. सप्टेंबरमध्ये जालन्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून संभाजीनगरला जायला सांगितलं. तिथं तपासणी झाली आणि आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावलं. तुम्ही बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. पिशवीत डबा होता, तुम्ही आमच्यासाठीच केलेला.

डॉक्टर भले होते. हळू बोलले. गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पसरलाय, आता ऑपरेशन करून उपयोग नाही. औषधं देऊ, त्रास कमी ठेवू. दादानं किती दिवस ते विचारलं. ते म्हणाले, पक्कं कोणीच सांगू शकत नाही, सहा-आठ महिने धरून चाला.

बाहेर येण्याआधी दादा दाराला पाठ लावून उभा राहिला. माझा हात त्यानं इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"तिला सांगायचं न्हाई."

"दादा, ती विचारेल."

"गाठ हाय, गोळ्यांनी विरघळंल, येवढंच. तिला कळालं तर ती तिथंच खचंल. शपथ घे, संध्या."

मी घेतली. बाहेर आलो. तुम्ही दादाच्या तोंडाकडे पाहिलंत, मग माझ्या. "गाठ आहे वहिनी, गोळ्यांनी विरघळेल," मी म्हणाले. तुम्ही डबा उघडलात आणि आम्हा दोघांना आधी वाढलंत.

त्यानंतर दर तीन आठवड्यांनी आपण जायचो. अंबडहून एसटीनं जालना, तिथून रेल्वे. दादाला दर वेळी रजा मिळेना, म्हणून बऱ्याचदा आपण दोघीच. तुम्ही बारीक होत गेलात. तुमच्या ब्लाऊजांना तुम्हीच आतून शिवण घालत गेलात, आधी एक, मग दुसरी. मी रोज म्हणायचे, औषधं गरम असतात, वजन उतरतंच. मला वाटायचं तुम्हाला पटतंय.

नोव्हेंबरच्या शेवटी परतीची गाडी बदनापूरला थांबली. समोरून दुसरी गाडी यायची होती. डबा अर्धा रिकामा. खाली फलाटावर एक माणूस पेरू विकत होता. तुम्ही खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसला होतात. एकदम म्हणालात,

"संध्याताई, ती पोरगी आली आसंल का हो शेवटी?"

इतक्या महिन्यांत तुम्ही हे कधी विचारलं नव्हतं. तुम्ही वाद घालायचात, उत्तर मागायचा नाहीत. मला वाटलं, या सिनेमाबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारून राहिल्यात. आणि मी ते केलं. तो क्षण मला परत मिळाला तर मी जीभ चावून घेईन.

"आली ना वहिनी. मी वाचलं परवा. बनवणाऱ्यानं स्वतः सांगितलंय. घंटी वाजवणारी तीच मुलगी. छत्री न्यायला परत आली ती."

"कुठं वाचलं?"

"इंटरनेटवर."

"दाखवा."

"इथं रेंज नाही."

तुम्ही माझ्याकडे वळलात. रागानं नाही. शिवण उसवलेलं कापड हातात घेऊन बघावं, तसं पाहिलंत. मग परत खिडकीबाहेर. गाडी सुटली. जालना आलं. बसस्टँडवर अंबडच्या गाडीची वाट बघत उभ्या असताना, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणालात,

"खोटं बोलतांना तुम्ही लई जल्दी बोलता. रिपोर्टचं सांगतांना बी असंच जल्दी बोलता."

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"ऐका. सिनेमाचा शेवट कोनालाच माहीत न्हाई. त्या बाईला न्हाई, तुम्हाला न्हाई, मला न्हाई. म्हनून तो मला चालतो. जीव रमतो त्यात. माझा शेवट तुम्हा दोघा बहीन-भावाला माहीत हाय, आन् मला एकटीलाच न्हाई. ह्याला कोडं न्हाई म्हनत, संध्याताई. ह्याला फसवनं म्हनतात."

गाडी लागली. तुम्ही चढलात आणि मागच्या बाकावर, दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसलात. माझ्याजवळ जागा होती.

घरी आल्यावर अकरा दिवस तुम्ही माझ्याशी फक्त "जेवून घ्या" आणि "आंघोळीचं पानी निघालं" एवढंच बोललात. दादाला काही कळू दिलं नाही. मी दादाच्या मागे लागले. म्हटलं, तिला समजलंय, फक्त आपल्या तोंडून ऐकायचं आहे. दादा म्हणाला, "समजलं आसंल तर मंग सांगायची गरज काय? आन् समजलं नसंल तर तू मारशील तिला. तू सांगितलंस, तर तुझं-माझं संपलं."

त्याच्यावर मी तेव्हा चिडले. आता चिडत नाही. कोर्टाचा कागद घेऊन तो कोणाच्याही दारात जाऊन उभा राहील, शिव्या खाईल, कुत्री अंगावर घेईल. स्वतःच्या बायकोसमोर त्याला उभं राहता आलं नाही. त्यानं तुमच्यावर जीव टाकला होता. त्या माणसाला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारी दादा बाहेर गेला. तुम्ही ओसरीवर शेजारच्या बाईंचं ब्लाऊज शिवत होतात, बाहीची शिवण. मी मशीनच्या बाजूला खाली बसले आणि सगळं सांगितलं. हळू सांगितलं. काय आहे, कुठवर पसरलंय, डॉक्टर काय म्हणाले. मशीन थांबलं नाही. तुम्ही बाही पुरी केलीत, दोरा दातानं तोडलात, कापड घडी घालून बाजूला ठेवलंत.

"किती?"

"पक्कं कोणी सांगत नाही वहिनी. सहा-आठ महिने म्हणाले होते. त्यातले अडीच गेले."

तुम्ही मशीनवर कव्हर घातलंत.

"आज भाकरी तुम्ही टाका. मला जमायचं न्हाई."

तीन दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दादाला दुसऱ्याच दिवशी कळलं. तो माझ्या खोलीच्या दारात आला. ओरडला नाही. "तू मारलंस तिला," एवढंच म्हणाला. त्यानंतर चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातचं जेवायचा, पण पाणी स्वतः उठून घ्यायचा.

चौथ्या दिवशी तुम्ही उठलात. केस विंचरलेत. मला हाक मारलीत.

"छत्रीवाली लावा."

आपण बघितला. शेवटी घंटी वाजली, पडदा काळा झाला, आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं सांगितलं. आता हा परत माझा झाला."

वहिनी, या एका वाक्यावर मी दिवस काढते आहे. पण खरं सांगायचं तर ते रोज पुरत नाही.

कारण मग तुम्ही काय काय केलंत तेही मी पाहिलं. दादा नको म्हणत असताना तुम्ही ऋतुजाला स्वतः सांगितलंत. दहावीचं वर्ष आहे, परीक्षा होऊ दे, तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "पेपर परत देता येतात." दोघी आतून कडी लावून बसलात आणि बाहेर आलात तेव्हा पोरगी एका दुपारीत मोठी झाली होती. तुम्ही तिच्याकडून वचन वगैरे घेतलं नाहीत. तिला सुईत दोरा ओवायला लावलंत, कारण तुम्हाला आता दिसत नव्हतं.

जानेवारीत तुम्हाला तीर्थपुरीला माहेरी जायचं होतं. दादानं गाडी केली. तुमच्या बालमैत्रिणीला तुम्ही बावीस वर्षांनी भेटलात, जिच्याशी लग्नाच्या आधी कसल्याशा क्षुल्लक बोलण्यावरून तुटलं होतं. ती भाजी बाजारात बसते. तुम्ही तिच्या शेजारी पोत्यावर बसून राहिलात, ती गिऱ्हाईक करत राहिली. येताना गाडीत मी विचारलं, काय बोललात? "काय बोलायचं? तिनं वांगी दिली," तुम्ही म्हणालात. ती वांगी घरी आणून तुम्ही स्वतः केलीत. उभं राहवत नव्हतं तरी.

हे सगळं तुम्हाला खोट्यात करता आलं नसतं. हे मी स्वतःला सांगते. पण डॉक्टरांनी आठ महिन्यांपर्यंत म्हटलं होतं आणि तुम्ही सात पुरे केले नाहीत. दादा म्हणतो, मला नाही, इतरांना म्हणतो, की ते तीन दिवस उपाशी पडून राहिली तिथंच तिची ताकद गेली. तो चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तो बरोबर आहे असंही नाही. रात्रंदिवस हे माझ्या डोक्यात फिरतं. तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, मास्तरीन लोक!

मार्चमध्ये तुम्हाला डोळे उघडे ठेवणं जड जायला लागलं. मग तुम्ही फक्त आवाज ऐकायचात. मोबाईल उशाशी ठेवायचा आणि बाई छत्री उघडते तिथून लावायचा. छत्रीखालचा पाऊस. आम्ही तुमच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवायचो आणि तुम्ही तो आवाज ऐकत पडायचात. एकदा ऋतुजानं आवाज वाढवला तर तुम्ही बोटानं कमी करायची खूण केलीत. तेवढाच बरोबर होता म्हणे, बनवणारानं ठेवला तेवढा.

गुढीपाडव्यानंतरच्या एका दुपारी तुम्हाला बरंच बरं वाटत होतं. उसाचा रस दोन घोट घेतलात. मी विचारलं, वहिनी, आता सांगा, कोण होती ती मुलगी? अजून तुमचं तेच म्हणणं आहे?

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोपलात.

"मी आता पोरीचा इचारच करत न्हाई," तुम्ही म्हणालात. "त्या बाईचा करते. तिनं काम पुरं केलं ना? काडी बसवली, कापड शिवलं, तेल लावलं. गिऱ्हाईक आलं न आलं, तो तिचा दोष न्हाई."

"पण घंटी वाजली, वहिनी. कोणीतरी आलं."

"आलं आसंल. ती चहा टाकून राह्यली ना. येईल बाहेर."

मी म्हटलं, हे उत्तर नाही झालं. तुम्ही डोळे मिटूनच हसलात. मला अजूनही वाटतं की ती मुलगी तिची लेक होती. पुरावा आहे माझ्याकडे, त्या चपला. तुम्हाला पटवायचं राहून गेलं. आणि दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही फारसं बोललाच नाहीत, म्हणून तेच आपलं शेवटचं भांडण ठरलं.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी एकटीनं तो लावून पाहिला. बाई सुई केसांतून फिरवते तिथवर आले. पुढं बघवलं नाही. बंद केला. तेव्हापासून तो माझ्यासाठी अकराव्या मिनिटाला थांबलेला आहे.

आता दहाव्या दिवसाचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अंगणात मांडव टाकून केला. भंतेजींनी वंदना घेतली, माणसं पुष्कळ आली. तीर्थपुरीची तुमची मैत्रीणही आली, मागे पायरीवर बसून गेली. जेवणं झाल्यावर घरची माणसं उरली आणि आमची मोठी काकू सगळ्यांसमोर दादाला म्हणाली, "तू कायची काळजी करतो रे? संध्या हायच की घरात. तिला तरी कुठं जायचंय? सैपाक, पोरगी, सगळं बघंल ती. तुझा संसार काही मोडत न्हाई."

चार जणींनी माना हलवल्या. कोणी वाईट बोललं नव्हतं. ते खरंही होतं. मी भांडी गोळा करत होते, तशीच करत राहिले.

दादा भिंतीला टेकून बसला होता. खाली बघत म्हणाला,

"संध्या जालन्याला चालली. जूनपासून. तिथल्या शाळेत लागली ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही दादाकडे बघत राहिले. नेमणुकीचं ते पत्र मला फेब्रुवारीत आलं होतं, वहिनी. मुलाखत मी दिवाळीआधीच देऊन आले होते, कोणाला न सांगता, तुमची औषधं आणायला एकटी गेले त्या खेपेतच. पत्र मी मुलांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात खाली घालून ठेवलं होतं. जायचं नाही असं ठरवूनच ठेवलं होतं. तुमच्या आजारपणात कसली नोकरी आणि कसलं जालना.

माणसं गेल्यावर मी दादाकडे गेले. तो नळावर हात धूत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनं."

"तिला कुठून कळलं?"

"ऋतुजाला कागद पाह्यजे होता चित्राला. तिला सापडलं. तिनं आईला वाचून दाखवलं." त्यानं नळ बंद केला. पुन्हा सुरू केला. "शेवटच्या आठवड्यात म्हनाली मला. म्हनाली, मी गेल्यावर हे लोक संध्याताईला माझ्या जागेवर बसवतील. तुम्ही बसू द्यायचं न्हाई. सगळ्यांसमोर सांगायचं. हो म्हना म्हनाली. मी हो म्हनलो."

मी विचारलं, ऋतुजाचं काय?

"मी हाय ना. मी बाप हाय तिचा."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. किती म्हातारा दिसायला लागलाय तो, तुम्ही बघायला हवं होतं. नको, बघायला नको होतं.

"मी तुला माफ केलेलं न्हाई, संध्या. होईल का न्हाई ते बी माहीत न्हाई."

"मला माहीत आहे, दादा."

"पण जा तू."

वहिनी, काल मी जालन्याला गेले आणि शाळेत सही करून आले. मुख्याध्यापिका बाईंनी चित्रकलेची खोली दाखवली. लांबट आहे, उजेड एका बाजूनं येतो, भिंतीला पोपडे आलेत. सोळा जूनला हजर व्हायचं. परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. अंबड येईपर्यंत मी रडत होते आणि शेजारच्या अनोळखी बाईनं मला काही विचारलं नाही, नुसती पाण्याची बाटली पुढे केली. घरी आले तर दादा चुलीपाशी बसून कणीक मळत होता, पातळ झालेली, हाताला चिकटलेली, आणि ऋतुजा त्याला पीठ घालून देत होती. दोघांनी वर पाहिलं. "झालं?" ऋतुजानं विचारलं. मी म्हटलं, झालं.

हे तुम्हाला सांगायचं होतं.